पार्श्वभूमी: एमएसएमए (आर्सेनिकपासून बनलेलं एक तणनाशक), कापूस आणि गोल्फची हिरवळ

एकाच संशोधकाच्या नावावर अर्धे पेपर ऑर्गनोमेटॅलिक केमिस्ट्रीचे (म्हणजे कार्बनला थेट धातू जोडलेल्या संयुगांचे) आणि अर्धे तणांचे दिसले की वाटतं, याने मधेच लाइन बदलली असणार. आर्सेनिकवाल्यांचं तसं नसतं. आर्सेनिक पक्का धातू नाही हे मान्य, पण त्या केमिस्ट्रीची सुरुवातच त्याच्यापासून झाली. 1750 च्या दशकात पॅरिसमधल्या एका औषधशास्त्रज्ञाने अदृश्य शाईच्या नादात एक धूर सोडणारा, भयंकर घाण वासाचा द्रव बनवला, पुढे शंभरेक वर्षांच्या आत एका जर्मन केमिस्टने त्याच द्रवाचा पिच्छा पुरवला आणि स्फोटात एक डोळा गमावला. 1883 मध्ये आर्सेनिकला मिथाइल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन) जोडायची सोपी पद्धत सापडली आणि तणनाशकं बनवणाऱ्यांनी पुढे तीच उचलली. व्हिएतनाममध्ये 1962 ते 1971 या काळात भाताची शेतं जाळायला अमेरिकेने जे निळ्या पट्ट्याच्या पिंपातलं औषध (एजंट ब्लू) फवारलं, ते याच घराण्यातलं.

एमएसएमए मात्र शेतकऱ्याचं औषध. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसातलं बरू आणि लव्हाळा यांच्यावर त्याने कैक वर्षं काम केलं. लव्हाळा म्हटल्यावर आपल्याकडच्या कुणालाही कळेल काय त्रास असतो तो, खुरपलं तरी खालच्या गाठीतून परत वर येतो. 1980 च्या दशकात गोखरूच्या काही झाडांनी एमएसएमएलाही दाद देणं बंद केलं, पण तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही.

खरा घोळ 2006 चा. त्याच वर्षी अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली आर्सेनिकची मर्यादा 50 वरून 10 पीपीबी (अब्ज भागांत 10 भाग) झाली, आणि तिथल्या पर्यावरण खात्याने सांगितलं की या सगळ्या मिथाइल-आर्सेनिक औषधांना पुन्हा परवानगी मिळणार नाही. कारण असं की बाटलीतलं औषध तुलनेने सौम्य, पण मातीत ते मोडून साधं आर्सेनिक बनतं आणि ते पाण्यात जाऊ शकतं. कंपन्या म्हणाल्या, मातीत ते घट्ट धरून बसतं, पाण्यात जात नाही. दोन्ही बाजूंकडे डेटा होता, आता कुठली माती घेतली त्यावर सगळं अवलंबून, फ्लोरिडाची वाळू आणि मिसिसिपी डेल्टाची चिकण माती एकसारखी वागणार कशी? 2009 मध्ये तडजोड झाली. बाकीची औषधं गेली, गोल्फ मैदानं, हिरवळीची शेती आणि हायवेच्या कडा यांना 2013 अखेरपर्यंत मुदत मिळाली, आणि कापसाला एमएसएमए राहिलं. का राहिलं? तर आपल्या माठ-राजगिऱ्याच्या कुळातलं एक तण तोवर ग्लायफोसेट या नेहमीच्या तणनाशकाला जुमानेनासं झालं होतं आणि शेतकऱ्याच्या हातात दुसरं काही उरत नव्हतं. माझ्या मते हे कारण प्रामाणिक होतं. गोल्फबद्दल तसं म्हणवत नाही, कारण आर्सेनिकच्या नव्या शास्त्रीय आढाव्याची वाट बघायची असं ठरलं आणि 2013 ची तारीख नुसतीच येऊन गेली, मैदानांवर ठिकठिकाणी मारायची सवलत तशीच राहिली.

मातीत नक्की काय होतं हे कळलं 2011 मध्ये, तेही फ्लोरिडातल्या एका गोल्फ मैदानाच्या मातीतूनच. तिथे दोन जिवाणू मिळून हे काम करतात. बुरखोल्डेरिया प्रजातीचा आधी औषधातल्या पंचसंयुजी (पाच बंधांच्या) आर्सेनिकचं त्रिसंयुजी (तीन बंधांचं) करतो (हे मधलं रूप जास्त विषारी), मग स्ट्रेप्टोमायसेस त्याचा मिथाइल गट काढून टाकतो. एकट्याला पूर्ण काम जमत नाही. एकेक जिवाणू वेगळा वाढवून बघणाऱ्याला हे दिसलंच नसतं, आणि कार्बन-आर्सेनिक बंध कुणी तोडला हे ओळखायला केमिस्टची नजर लागते, इथे सुरुवातीला म्हटलेल्या पेपरांच्या त्या दोन याद्या, केमिस्ट्रीची आणि तणांची, एक होतात.

एमएसएमएचा सगळ्यात विचित्र उपयोग भातवाल्यांनी केला. जुन्या कापसाच्या रानात भात लावला की कधीकधी लोंबी भरतच नाही, दाणा नसल्यामुळे ती वाकत नाही, ताठ उभी राहते, आणि टरफलं पोपटाच्या चोचीसारखी वाकडी होतात. जमिनीत उरलेलं आर्सेनिक हे त्याचं एक कारण. मग अमेरिकेतल्या भात पैदासकारांनी एमएसएमए मुद्दाम जमिनीत मिसळून हा रोग आणला, आणि त्यातही ज्या वाणांच्या लोंब्या भरून खाली वाकल्या तेवढे पुढच्या संकरासाठी ठेवले.