दोन नावांमधलं पाणी

वैनगंगेवर दोन नावा एकमेकींवर आदळल्या, की घाटावर निकाल लगेच लागतो: नावाड्याची चूक. खरा तपास तिथून पुढे सुरू व्हायला हवा.

दोन नावा एकाच दिशेनं, अगदी जवळून चालल्या की त्यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून पाणी जास्त वेगानं वाहतं. वेग वाढला की तिथला दाब कमी होतो, बाहेरच्या बाजूचा मात्र फारसा बदलत नाही. मग पाणीच दोघींना एकमेकींकडे ढकलतं. पात्र उथळ, अरुंद आणि नावा वेगात असतील, तर ही ओढ आणखी वाढते. काठाजवळही हेच: नावेचा मागचा भाग काठाकडे खेचला जातो आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, प्रवाहाच्या मध्याकडे वळते. सुकाणू बरोबर धरलेलं असूनही.

धडक किती झटपट जीव घेऊ शकते, याचं एक उदाहरण: २९ मे २०१९ च्या रात्री हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये, डॅन्यूब नदीवरच्या पुलाजवळ १३५ मीटर लांबीच्या जहाजानं २७ मीटरच्या पर्यटक बोटीला मागून येऊन धडक दिली. पाऊस होता, नदी फुगलेली होती. बोट काही सेकंदांत बुडाली. ३५ पैकी ७ जणच वाचले.

प्रवाहाबरोबर जाणाऱ्या नावेची अडचण वेगळी. पाण्याचा वेग ताशी ८ किलोमीटर आणि नावेचा १० असेल, तर ती काठाच्या हिशेबानं १८ नं पुढे जाते, पण सुकाणूला पकड मिळते १० चीच. वळायला वेळ कमी उरतो. म्हणूनच अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवर प्रवाहाबरोबर खाली येणाऱ्या जहाजाला आधी वाट देतात.

तपास करणारे पोचा कोणत्या कोनात पडला, कोणाचा रंग कोणाला लागला हे पाहतात. दिव्याच्या बल्बमधली बारीक तारसुद्धा तपासतात: धडकेच्या क्षणी दिवा चालू असेल, तर तापलेली तार ताणून वेडीवाकडी होते. अंधारात दिवा होता की नव्हता, हा वाद त्यावरून मिटू शकतो.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न हवाच. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची दारं उघडली की खाली वडसा-आरमोरीकडे प्रवाह बदलतो. धरणातून पाणी किती सोडलं याची नोंद असते, पण प्रत्येक घाटावरच्या पातळीची असतेच असं नाही. अपघात झाल्या झाल्या काठावर पाण्याची खूण करून वेळ लिहून ठेवायला हवी, कारण सकाळपर्यंत पातळी बदललेली असते. वैनगंगा-प्राणहिता २०१६ पासून राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आहे. उद्या इथं मोठ्या बोटी आल्या, तर ही सवय डोंगा चालवणाऱ्यांना, पोलीस पाटलांना आणि तलाठ्यांना आजच लागायला हवी.