ट्रोलिंग की ट्रॉलिंग? उजनीत होडीत बसण्याआधी

फोनवर मी एवढंच म्हणालो होतो, "अण्णा, रविवारी येतो. ट्रॉलिंग करायचंय."

पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आलं, "जाळं वढणार असाल तर आमची होडी मिळायची न्हाई, सायेब. दुसरीकडं बघा."

करमाळ्याच्या बाजूला उजनीकाठी राहणारा हा माणूस, उभा जन्म पाण्यावर गेलेला. कोकणातले ट्रॉलर त्यानं टीव्हीवर पाहिलेले. इकडे उजनीत बारीक भोकांच्या वडाप जाळ्यांनी हाताच्या बोटाएवढी मासळीही उपसली जाते म्हणून काठावरची माणसं आधीच तापलेली. चूक माझी होती. मला म्हणायचं होतं ट्रोलिंग. एका मात्रेच्या जागी चंद्र चढला आणि मी गळवाल्याचा जाळेवाला झालो.

घोळ होण्यासारखाच आहे. दोन्हींत होडी पुढे जाते आणि मागे पाण्यात काहीतरी ओढलं जातं. सवाल आहे तो काय ओढलं जातं याचा.

ट्रॉलिंगमध्ये ओढायचं असतं जाळं, शंकूच्या आकाराचं, पिशवीसारखं. त्याच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी जड फळ्या लावतात. बोट पुढे निघाली की पाण्याच्या दाबानं या फळ्या एकमेकींपासून लांब जातात आणि जाळ्याचा जबडा आपोआप उघडा राहतो. वर तरंगणारे गोळे, खाली तळाशी घासत जाणारा जड दोर. वाटेत कोळंबी येवो, मांदेली येवो, खेकडा येवो, सगळं शेपटाकडच्या बंद टोकात जाऊन साठतं. तास-दोन तास ओढायचं, मग यंत्रानं वर घ्यायचं आणि नंतर निवडत बसायचं. त्याला ताकदीचं इंजिन लागतं आणि मोकळा, सपाट तळ लागतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. ट्रॉलर त्यातच येतात.

उजनीत ट्रॉलर का नाही, हे धरणाचा तळ आठवला की कळतं. १९६९ ला काम सुरू झालेलं आणि १९८० ला पुरं झालेलं हे भीमेवरचं धरण भरलं तेव्हा त्याच्या पोटात शेतं गेली, रस्ते गेले, अख्खी गावं गेली. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ तर पाणी उतरलं की आजही डोकं वर काढतं. ११७ टीएमसीच्या या धरणातला निम्म्याहून जास्त साठा मृत साठ्यात धरलेला आहे. पाणी त्या साठ्यात उतरलं की टक्केवारी उणे मोजतात, त्यामुळे 'उजनी मायनसमध्ये' ही बातमी आपल्याकडे उन्हाळ्यात ठरलेली. २०२४ मध्ये तर ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. अशा वेळी बाभळीची खोडं आणि पडक्या भिंती पाण्याच्या जेमतेम खाली असतात. तिथं तळाला घासणारं जाळं सोडणं म्हणजे साडी नेसून बोरीच्या झुडपातून पळणं.

ट्रोलिंगमध्ये ओढायचा असतो फक्त गळ. सावकाश चाललेल्या होडीमागे एक-दोन दोऱ्या, प्रत्येकीच्या टोकाला आमिष. इंटरनेटवर लोकांना डिवचण्याला ट्रोलिंग म्हणतात, तेही मला या गळाच्याच जातीचं वाटतं. आमिष फिरवत राहायचं आणि कोण तोंड घालतंय ते बघायचं.

समुद्रात सुरमईसाठी हे करतात ते चांगल्या वेगात, कारण सुरमई पाठलाग करून खाते. उजनीत मला हवा होता तो शिंगटा तसा नाही. पुस्तकात मार्जारमीन म्हणतात त्याच कुळातला हा मिशाळ मासा. त्याचा बराचसा संसार तळाशी, गढूळ पाण्यात. डोळ्यांपेक्षा मिशांवर भरवसा, कारण त्या मिशांना चव कळते. आमिष झपकन निघून गेलं तर त्याला पत्ताच लागत नाही. म्हणून वेग हवा ताशी एक ते दोन किलोमीटर. जेवल्यावर सोलापुरात सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी फेरी मारणारा माणूसही याहून भरभर चालतो. बहुतेक इंजिनं कमीत कमी केली तरी एवढी हळू जात नाहीत. त्यामुळे वल्हंच बरं. माझ्या मते तर इंजिन काठावरच ठेवावं.

आमिष म्हणून छोटा मासा किंवा माशाचा तुकडा. वीस-तीस मीटर दोरी सोडायची, शिशाचं वजन तळाला टेकतंय-न टेकतंय असं ठेवायचं आणि गळाच्या वीतभर अलीकडे लहानसा बुचाचा तुकडा ओवायचा. त्यानं आमिष चिखलातून थोडं वर उचललेलं राहतं. हा बुचाचा तुकडा दिसायला फालतू, पण तो नसेल तर दिवसभर काटक्याच वर येतात.

होडी सरळ रेषेत नेऊ नये, नागमोडी न्यावी. वळणाच्या आतल्या बाजूची दोरी मंदावते, तिचं आमिष खाली बसतं. बाहेरच्या बाजूची दोरी वेग घेते, तिचं आमिष वर उठतं. मासा बऱ्याचदा नेमका त्या बदलावर तोंड घालतो. आतल्या दोरीवर घातलं तर समजायचं, अजून हळू जायला हवं. गोल वाकाचा गळ असेल तर हिसका मारायचा नाही. दोरी ताणली जाऊ द्यायची, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. आणि मासा होडीत आला की हात आवरा. त्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यामागच्या परांना काटा असतो. तो लागला की हात बराच वेळ ठणकतो.

वल्हं न मारता वाऱ्यावर होडी सोडून देणं हे ट्रोलिंग नव्हे, ते नुसतं वाहणं. उजनीवर ते करूही नये. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीच्या तळाशी पडलेलं नको. परवान्याचंही निघण्याआधी बघून घ्यावं.

तर रविवारी अण्णाला माझ्या पिशवीतली दोरीची रिळं दाखवली, तेव्हा कुठे तो हसला. "मग गळ म्हना की!" तासाभरानं दोरी ताणली गेली. मी उठायला लागलो तर त्यानं नुसती मान हलवली. दोरी थरथरत नव्हती. अण्णानं काठावरचं टेकाड बघितलं, लांबचा विजेचा टॉवर बघितला, मनात काहीतरी जुळवलं. "जुनं गाव हाय खाली. भिंतीला लागलाय." मग त्यानं होडी वळवली, अडकल्या जागेच्या पलीकडे नेली आणि उलट्या अंगानं दोरीला हलका झटका दिला. गळ सुटून आला, बुचाचा तुकडा शाबूत. टोकाला पांढुरकी माती होती. त्यानं ती अंगठ्यानं पुसली, नवा तुकडा लावला आणि दोरी परत सोडली.