‘अ‍ॅडव्हान्स्ड’ कोण, डिक्शनरी की ती वापरणारा?

नाशिकच्या शालिमार किंवा मेन रोडच्या पुस्तकांच्या दुकानात इंग्रजीची मोठी डिक्शनरी मागितली, की काउंटरवरून आधी ‘कितवीसाठी?’ असं विचारतात. कॉलेजच्या पुढचं काही सांगितलं तर दोन जाड ठोकळे पुढ्यात येतात. एकावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर नसतं. निवडीतला अर्धा घोळ या दोन शब्दांनी घातला आहे.

आपल्याकडे अ‍ॅडव्हान्स म्हणजे एक तर उचल, नाहीतर ‘जेईई अ‍ॅडव्हान्स्ड’सारखं काहीतरी महाकठीण. त्यामुळे ज्यांच्यासाठी ही डिक्शनरी आहे तेच बिचकतात आणि ‘थोडी सोपी बघू’ म्हणत ‘कन्साइज’ घेऊन घरी जातात. ‘कन्साइज’ म्हणजे आटोपशीर, असं नावच सांगतं ना! पण १९११ साली पहिल्यांदा निघालेली ऑक्सफर्डची ‘कन्साइज’ इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यासाठी आहे. तिच्यात शब्दाची व्युत्पत्ती मिळते, नेमका आणि कोरडा अर्थ मिळतो. तो शब्द वाक्यात कसा बसवायचा, हे तिने गृहीत धरलेलं असतं. म्हणजे नावाने सोपी वाटणारी डिक्शनरी आपल्यासाठी अवघड, आणि अवघड वाटणारी खास आपल्यासाठी केलेली. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हे विशेषण पुस्तकाचं नाही, ‘लर्नर’चं आहे. इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकून जो बराच पुढे आला आहे, तो हा लर्नर.

मुळात हा शब्द तिथे नव्हताच. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या तीन इंग्रजांनी तयार केलेला कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला. १९४८ साली तो ऑक्सफर्डकडून निघाला तेव्हा नावात फक्त ‘लर्नर्स’ होतं. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ची भर पडली १९५२ मध्ये. त्याआधी १९३५ साली, ढाक्यात काम केलेल्या एका शिक्षणतज्ज्ञाच्या कोशाने सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत समजावले होते. ही कल्पना बंगालच्या वर्गांतल्या अनुभवातून आली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. मराठीच्या अंगाने पाहिलं तर १८३१चा मराठी-इंग्रजी आणि १८४७चा इंग्रजी-मराठी हे दोन्ही कोश याच्या कितीतरी आधीचे, पण त्यांचा रोख दोन भाषांमध्ये पूल बांधण्यावर होता.

टोकियोच्या कोशाचं खरं वैशिष्ट्य म्हणजे क्रियापदांचे साचे. कोणत्या क्रियापदापुढे काय चालतं आणि काय चालत नाही, हे क्रमांकांच्या खुणांनी दाखवलेलं असे. साचे २५ होते. मराठी माणसाला याची गरज फार. आपण ‘विषयावर चर्चा करतो’, म्हणून इंग्रजीतही बिनदिक्कत ‘डिस्कस अबाउट’ म्हणतो. ‘मला समजावून सांगा’चं ‘एक्स्प्लेन मी’ होतं. अर्थ पाठ असून अशा चुका होतात, कारण अडचण अर्थाची नसून जोडणीची असते.

ब्रिटिश सरकारच्या मदतीने निघणाऱ्या स्वस्त आवृत्त्यांमुळे ऑक्सफर्डच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ची १९७४ची तिसरी आवृत्ती भारतात बऱ्याच घरांत पोचली. ती योजना नव्वदच्या दशकात गुंडाळली गेली. पण जाड डिक्शनरी कपाटात असणं आणि तिच्या खुणा कुणाला तरी वाचता येणं यात फरक होता. पुढची पंधरा-वीस वर्षं सगळी धडपड या खुणा सोप्या करण्यासाठीच चालली.

१९७८ साली आलेल्या लाँगमन प्रकाशनाच्या लर्नर्स डिक्शनरीने अर्थ सुमारे २,००० शब्दांत बांधले, साच्यांच्या खुणा मात्र आणखी गुंतागुंतीच्या केल्या. १९८७च्या कोबिल्ड या कोशाने अर्थच पूर्ण वाक्यात लिहिला, म्हणजे क्रियापद कसं वापरायचं ते अर्थ वाचता वाचताच दिसावं, आणि व्याकरण शेजारच्या अरुंद रकान्यात टाकलं. माझ्या मते सगळ्या इतिहासातली सर्वांत धाडसी उडी हीच. पसरट आहे, मान्य. पण गंगापूर रोडच्या क्लासमधल्या मुलाला खुणांची किल्ली पाठ करायला लावण्यापेक्षा एक अख्खं वाक्य वाचू देणं केव्हाही बरं. ऑक्सफर्डनेही १९८९ आणि १९९५ मध्ये खुणा बदलत बदलत सोप्या केल्या. त्या १९९५ या एकाच वर्षात चार प्रकाशकांच्या मोठ्या लर्नर्स डिक्शनऱ्या बाजारात उतरल्या: ऑक्सफर्ड आणि लाँगमनच्या नव्या आवृत्त्या, कोबिल्डची दुसरी आणि केंब्रिजची पहिली.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आलं आणि ‘कितवीसाठी?’ या प्रश्नाला पूर्वीचा अर्थ उरला नाही. सेमी-इंग्रजीतली सातवीची मुलगी आणि मराठी माध्यमातून आलेला, एमपीएससी करणारा पंचवीस वर्षांचा तरुण यांच्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ कोण, हे इयत्तेवरून सांगता येत नाही. भाषा किती येते ते सांगणाऱ्या, युरोपात २००१ साली ठरलेल्या ए१ (सुरुवातीची) ते सी२ (सर्वांत वरची) या पायऱ्या याच कारणाने कोशांत शिरल्या. ऑक्सफर्डने २००५ मध्ये महत्त्वाचे ३,००० शब्द वेगळे दाखवले होते. २०२०च्या दहाव्या आवृत्तीत ते ५,००० झाले आणि त्यांच्यापुढे सी१पर्यंतच्या पायऱ्याही आल्या.

मोबाइलने मात्र सगळा हिशेब फिरवला. २००२ साली आलेल्या मॅकमिलन या लर्नर्स डिक्शनरीच्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये छापील कोश बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०२३च्या जूनअखेर तिचं संकेतस्थळही बंद झालं. ज्यांनी कागदी प्रत ठेवली होती, त्यांच्याकडे ती आजही आहे.