झिरो माइलपासून पुळणीपर्यंत: नागपूरकर आणि भरती-ओहोटीचं गणित

नागपूरच्या झिरो माइलला चार घोडे आणि वालुकाश्माचा खांब बघून बहुतेक जण फोटो काढतात आणि निघतात. ब्रिटिश काळातल्या भूमापनाची ही खूण. तिथल्या 1907 सालच्या प्रमाण-खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 1,020 फूट, म्हणजे 311 मीटरच्या आसपास आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, आणि तरी या शहराची उंची समुद्रावरून मोजलेली.

समुद्र मात्र कधीच सपाट नसतो. दर सहा तासांनी तो चढतो, नाहीतर उतरतो. मग ‘समुद्रसपाटी’ आली कुठून? भारतीय सर्वेक्षण विभागाने 1873 पासून बंदरोबंदरी भरतीमापक यंत्रं बसवायला सुरुवात केली. मुंबईच्या अपोलो बंदरावर 1878 पासून पाण्याची पातळी नोंदली जाऊ लागली. कराची, मुंबई, कारवार, मद्रास, विशाखापट्टणम अशा नऊ ठाण्यांवरच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी धरून देशाच्या उंचीमापनाचा पाया ठरवण्यात आला. म्हणजे देशातल्या उंचीच्या प्रत्येक आकड्यामागे किनाऱ्यावरच्या हजारो भरत्या आणि ओहोट्या आहेत. आज नागपूरहून कोकणात फिरायला जाणाऱ्यांना जे गणित ठाऊक नसल्यामुळे धोका होतो, तेच हे गणित. म्हणून त्याची पार्श्वभूमी जरा सविस्तर सांगावीशी वाटते.

नागपूरचा समुद्राशी संबंध पर्यटनापेक्षा जुना आहे. 1751 साली ओरिसा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला आणि डिसेंबर 1803 च्या देवगावच्या तहाने कटक प्रांत इंग्रजांकडे जाईपर्यंत राहिला. तब्बल बावन्न वर्षं पुरीचा किनारा नागपूरच्या राज्यात होता, जगन्नाथाच्या देवळाची व्यवस्था मराठ्यांकडे होती. कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारापुढे आला तोही याच काळात. विदर्भातून पुरीची यात्रा आजही होते आणि यात्रेकरू समुद्रस्नान करतोच.

तिथे एक जुनी व्यवस्था आहे, ती मला फार मोलाची वाटते. पुरीचा किनारा एकदम खोल होत जातो आणि लाटा उंच फुटतात. तिथले नोलिया हे तेलुगूभाषक मासेमार टोकदार टोप्या घालून किनाऱ्यावर उभे असतात आणि यात्रेकरूचा हात धरून त्याला लाटेत नेतात, परत आणतात. जीवरक्षक हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालत आलं आहे. परक्या माणसाने समुद्रात एकट्याने उतरायचं नाही, तिथल्या माणसाच्या हाताने उतरायचं, एवढी समज त्या रिवाजात आहे. धर्मशास्त्राने समुद्राला एरवी स्पर्श करू नये, पर्वकाळीच स्नान करावं असं सांगितलं. पर्व म्हणजे पौर्णिमा, अमावास्या. नेमके उधाणाचे, म्हणजे सर्वांत मोठ्या भरतीचे दिवस. तेव्हा हात धरणारा माणूस लागणारच.

कोकणाचा किनारा नागपूरकराच्या आवाक्यात यायला बराच काळ लागला. 1867 साली नागपूरपर्यंत रेल्वे आली आणि मुंबई जोडली गेली. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती 1998 च्या जानेवारीत. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि जून 2025 मध्ये तो ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत पूर्ण झाला. पूर्वी एक रात्र गाडीत, मग मुंबईत नातेवाइकाकडे मुक्काम, मग अलिबाग असं जायचं. त्या मुक्कामात कुणीतरी “आज उधाण आहे, जपून” असं सांगणारं भेटायचं. आता पहाटे वर्धा रोडहून निघालेली गाडी त्याच दिवशी संध्याकाळी किनाऱ्याला लागते आणि पोरं कपडे न बदलताच पाण्यात धावतात. वेग वाढला, आणि वाटेत मिळणारी माहिती गळून पडली. हे मला काळजीचं वाटतं.

पोहता येणं आणि समुद्र कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नागपूरचा पोहणारा तयार होतो तो जलतरण तलावात, गावाकडच्या विहिरीत, फार तर कन्हानच्या डोहात. ही पाणी धोकादायक नाहीत असं मुळीच नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीने शहरात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. पण तिथे पाणी चढायला पाऊस लागतो. आभाळ निरभ्र असताना, वारा पडलेला असताना पाणी आपणहून माणसाच्या उंचीपेक्षा जास्त चढेल, हा अनुभव विदर्भात मिळत नाही.

असा अनुभव नसल्याने गोत्यात आलेला सर्वांत प्रसिद्ध पाहुणा म्हणजे सिकंदर. इ. स. पूर्व 325 मध्ये त्याचं आरमार सिंधूच्या मुखाशी पोचलं. हे लोक भूमध्य समुद्राचे, आणि तिथे भरती-ओहोटी जवळपास जाणवतच नाही. ओहोटीला नावा चिखलात बसल्या, मग भरती आली आणि काही नावा उलटल्या, फुटल्या. एरियन या ग्रीक इतिहासकाराने हे लिहून ठेवलं आहे. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत भडोचजवळच्या नर्मदेच्या मुखाचं वर्णन आहे: पाणी एकाएकी चढतं, परकी जहाजं आडवी होतात, म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक मासेमार पुढे जाऊन जहाजांना वाट दाखवतात. पुरीच्या नोलियाचंच काम, फक्त जहाजांसाठी.

भरती चंद्राच्या मागे चालते हे किनाऱ्यावरच्या माणसाला फार आधीपासून ठाऊक होतं. कारण मात्र न्यूटनने 1687 साली गुरुत्वाकर्षणातून सांगितलं. चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की ओढ एकवटते आणि पाणी खूप चढतं, खूप उतरतं: पौर्णिमा-अमावास्येची ही उधाणाची भरती, प्रत्यक्षात तिचा जोर एकदोन दिवस उशिरा दिसतो. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा फरक कमी. कोळी त्याला भांग म्हणतात. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे 12 तास 25 मिनिटांनी, म्हणून तीच भरती दुसऱ्या दिवशी पाऊण तासाहून थोडी जास्त उशिरा येते.

कारण कळलं तरी प्रत्येक बंदराची वेळ आणि उंची काढणं महाकठीण होतं, कारण किनाऱ्याचा आकार, खाड्या, समुद्रतळाचा उतार सगळं त्यात येतं. 1870 च्या दशकात लॉर्ड केल्विन यांनी कप्प्या आणि दातेरी चाकांनी भरती वर्तवणारं यंत्र बनवलं. त्याच धर्तीवर 1879 साली लंडनमध्ये खास भारतातल्या बंदरांसाठी एक यंत्र तयार झालं. अपोलो बंदरावरच्या नोंदी तिकडे जायच्या आणि पुढच्या वर्षीच्या भरत्यांचे तक्ते इकडे यायचे. आज आपण मोबाइलवर बोटाने सरकवतो ते भरतीचं वेळापत्रक त्याच तक्त्यांचा वारस आहे. हे तक्ते जहाजांसाठी होते. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उभ्या असलेल्या माणसाचा विचार त्यात पुढे कितीतरी दशकं नव्हता, आणि माझ्या मते आजची अर्धी अडचण इथेच आहे.

पुळणीवरच्या माणसाला उंचीपेक्षा वेग कळायला हवा. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाला हा फरक चार मीटरपर्यंत असतो. मधल्या दोन तासांत दोन मीटर. आता पुळण सपाट असेल, पन्नास मीटर चाललं की एक मीटर उतार अशी, तर त्या दोन तासांत पाण्याची कड शंभर मीटर आत सरकते. शेवटचा भेळवाला होता तिथे कमरेइतकं पाणी. किनाऱ्यावर उतरवलेल्या मोटारी रुततात आणि लाटा टपापर्यंत येतात त्या अशाच. अलिबागला ओहोटीत लोक चालत, टांग्याने कुलाबा किल्ल्यात जातात, आत रमतात, आणि बाहेर येऊन बघतात तर वाट पाण्याखाली. अशा वेळी पाणी गुडघ्याइतकंच दिसतं म्हणून चालत निघू नये. किल्ल्यात थांबावं, पाणी उतरतंच.

ओहोटीचा धोका वेगळा आणि माझ्या मते जास्त फसवा. पाणी मागे गेलेलं दिसतं, म्हणून माणूस पुढे जातो. खाडीच्या मुखाशी तर ओहोटीत आतलं सगळं पाणी अरुंद वाटेने समुद्राकडे धावत असतं. तिथे पट्टीचा पोहणारासुद्धा उलटा येऊ शकत नाही. मोकळ्या पुळणीवरही लाटांनी आणलेलं पाणी कुठेतरी वाळूच्या बांधातली फट शोधून परत जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि गढूळ दिसतं, आणि नवखा माणूस तीच जागा पोहायला निवडतो. पाणी उतरलेलं असताना हे बांध वर येतात आणि फटीतली ओढ बहुधा वाढते. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. दम तिथेच संपतो. तरंगत राहावं, हात वर करून हाक द्यावी, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकत ओढीच्या बाहेर पडावं. हा पट्टा सहसा रुंद नसतो.

1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडला पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. दुपारची वेळ होती. त्या दिवशीची तिथी पौष वद्य अष्टमी, म्हणजे उधाण नव्हे, भांग. तारीख आणि तिथी शेजारी ठेवून पाहिली की अंगावर काटा येतो, कारण “आज काही पौर्णिमा नाही” या भरवशावर आपल्यातले कितीतरी जण पाण्यात उतरतात. भांगाला पाणी कमी चढतं एवढंच. ओढ, खड्डे, लाटा भांगालाही असतात.

लाटांचा हिशोब तर चंद्राकडे नाहीच. मे 2024 मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात पाच वैद्यकीय विद्यार्थी बुडाले, तेव्हा दूरच्या दक्षिण महासागरातून आलेल्या उंच लाटांचा इशारा आधीच दिलेला होता. हे इशारे हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देतं. 1999 साली उभी राहिलेली ही संस्था आहे, आणि ‘इन्कॉइस’ या नावाने ते इशारे मोबाइलवर सहज मिळतात. गोव्यात 2008 पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत; लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं. कोकणात ही सोय सगळीकडे सारखी नाही. जिथे जीवरक्षक दिसत नाही तिथे कोळीवाड्यातल्या माणसाला विचारायला लाज वाटू नये.

नागपूरकराला घरबसल्या करता येईल असं एक जुनं गणितही आहे. कोकणात ते तोंडी चालत आलं: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. पंधरवड्याची तिथी धरायची, शुद्ध असो की वद्य. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यापुढे-मागे सहा तासांवर ओहोटी. हे मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला बरं जुळतं, तेही तासाभराची चूक धरून. सिंधुदुर्ग-गोव्याकडे भरती साधारण तासभर आधी येते आणि पुरीला हे गणित चालत नाही. पोहण्याचा निर्णय यावर घेऊ नये, त्या ठिकाणचं वेळापत्रक बघावंच. पण सहलीचा दिवस आखताना, भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी बघून, अंदाज येतो.

दिवाळीचंच घ्या. नागपूरहून बरेच जण भाऊबीज आटोपून निघतात. पंचमीला अलिबाग-मुरूडकडे पोचलात तर भरती दुपारी पावणेचारच्या सुमारास. सहाला सूर्य मावळताना पाणी उतरत असेल, ओढ समुद्राकडे असेल. तेव्हा खाडीच्या मुखाजवळ फिरकू नये आणि मुलांना घोट्याच्या पुढे पाण्यात सोडू नये. कुलाबा किल्ला बघायचा असेल तर सकाळी आठनंतर आत जाऊन साडेअकराच्या आत बाहेर पडावं, कारण ओहोटी पावणेदहाच्या आसपास असेल. अष्टमीपर्यंत राहिलात तर उलट: दुपारी बाराला ओहोटी, संध्याकाळी सहाला भरती. सूर्यास्त बघायला पुळणीवर गाडी नेली असेल तर ती आधीच डांबरी रस्त्यावर काढून ठेवावी, आणि चपला, पिशव्या, बसलेली आजी, सगळं सुरूच्या झाडांच्या रांगेपर्यंत वर घ्यावं.