चर्चच्या कॅलेंडरनुसार घरच्या जेवणाचं नियोजन

ख्रिस्ती कुटुंबात वर्षभराचा स्वयंपाक चर्चच्या वार्षिक कालचक्राप्रमाणे म्हणजे आगमनकाळ (नाताळच्या आधीचा), नाताळ, उपासकाळ (लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा), ईस्टर, पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशीचा सण) अशा क्रमाने ठरवायची पद्धत. सणाचे पदार्थ सगळ्यांना माहीत असतात, त्यामुळे त्यावर इथे वेळ घालवत नाही. खरा आधार वर्ज्य गोष्टींचा आहे, म्हणजे कधी काय खायचं नाही हे आधी ठरतं आणि मग मेन्यू.

सगळ्यात जुना थर आठवड्याचा. ‘डिडाखे’ या साधारण पहिल्या शतकाच्या शेवटी (काहींच्या मते दुसऱ्याच्या सुरुवातीला) लिहिलेल्या ख्रिस्ती ग्रंथात बुधवार आणि शुक्रवारी उपास करा असं सरळ सांगितलंय. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स घरांत हे दोन्ही वार अजून पाळतात, पश्चिमेत मुख्यतः शुक्रवार उरला.

ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपास कुठून आला हा मात्र बराच घोळ आहे. इसवी सन ३२५ च्या निकिया परिषदेच्या (बिशपांच्या मोठ्या सभेच्या) पाचव्या नियमात ‘चाळिसी’ अशा अर्थाचा शब्द येतो, पण तो ज्या सहजपणे येतो त्यावरून तो काळ लोकांना आधीच माहीत असावा. उपासनेच्या इतिहासाचे अभ्यासक थॉमस टॅली यांचं म्हणणं असं की इजिप्तमध्ये प्रकटीकरणाच्या सणानंतर (६ जानेवारी) लगेच चाळीस दिवसांचा वेगळा उपास होता आणि तो निकियानंतर ईस्टरच्या आधी सरकवला गेला; कल्पना आकर्षक आहे पण पुरावे बरेच उशिराचे आहेत, त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रथा हळूहळू एकत्र आल्या हे मत जास्त सुरक्षित वाटतं. पाचव्या शतकातला चर्चचा इतिहासकार सॉक्रेटिस (प्रसिद्ध तत्त्वज्ञ नव्हे) तर लिहितो की रोममध्ये तीन आठवडे, अलेक्झांड्रियात सहा, कोणी मासे खातं, कोणी पक्षीही, का तर तेही पाण्यातूनच निर्माण झालेत म्हणे, आणि कोणी नुसत्या कोरड्या भाकरीवर राहतं. त्याची रोमबद्दलची माहिती जपूनच घ्यावी लागते, कारण तीन आठवड्यांच्या उपासात रोमचे लोक शनिवार सोडतात असं तो म्हणतो आणि त्याच प्रकरणात पुढे रोममध्ये दर शनिवारी उपास असतो असंही लिहितो.

मोजणीतही फरक आहे. पश्चिमेत रविवारी उपास नसतो म्हणून सहा आठवड्यांचे ३६ दिवसच भरायचे, मग साधारण सातव्या शतकाच्या आसपास पुढे चार दिवस जोडले आणि सुरुवात राखेच्या बुधवारवर आली. पूर्वेत सोमवारपासून सलग चाळीस दिवस मोजतात आणि पवित्र आठवडा वेगळा धरतात. ईस्टर पश्चिमी पद्धतीत २२ मार्च ते २५ एप्रिल यात कधीही येतो, त्यामुळे आधी ती तारीख बघायची आणि तिथून मागे मोजायचं.

सामान संपवायची सोयही कॅलेंडरमध्येच आहे. ऑर्थोडॉक्स पद्धतीत मांस उपासकाळाच्या एक आठवडा आधी बंद होतं आणि त्या मधल्या आठवड्यात दूध, चीज, अंडी चालतात, म्हणजे फ्रिज दोन टप्प्यांत रिकामा होतो. कोंबड्या उपासात अंडी द्यायच्या थांबत नाहीत, ती साठतात, आणि ईस्टरच्या अंड्यांचं हे कारण जुन्या इंग्रजी देवी ईओस्त्रेच्या गोष्टीपेक्षा पटण्यासारखं आहे कारण इंग्लंडमधल्या बीड या मठवासी लेखकाने ७२५ च्या सुमारास त्या देवीचं नाव आणि तिच्या नावाच्या महिन्यातले सण एवढंच दिलंय, अंड्याचा उल्लेखच नाही.

कॅथलिक नियम १९६६ मध्ये पोप पॉल सहावे यांनी बराच सैल केला. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे मांस वर्ज्य १४ वर्षं पूर्ण झालेल्यांना, उपास १८ पूर्ण ते साठावं वर्ष लागेपर्यंत, आणि तोही फक्त राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडेला, ज्यात एकच पूर्ण जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडं काही. म्हणजे एकाच घरात लहान मुलं, आई-वडील आणि आजी-आजोबा यांचे नियम वेगळे. शुक्रवारी मोठा सण आला तर मांसाची बंदी उठते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही.

प्रॉटेस्टंट घरांत सक्ती फारशी नाही. १५२२ मध्ये झुरिकमध्ये उपासकाळात सॉसेज खाल्ल्याचं प्रकरण गाजलं आणि तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली याने खाणाऱ्यांची बाजू घेतली. अँग्लिकन परंपरेत कॅलेंडर टिकलं, पण काय खायचं ते बहुतेक ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं आहे.