केनी नीलचे अल्बम: आधी कोणता घ्यावा?

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे लोकसंगीतातून आलेले गाणे, म्हटले की बहुतेक ग्राहक शिकागोच्या रेकॉर्ड मागतात. दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्याचा ब्लूज वेगळा आहे. आजच्या कलाकारांत तो ऐकायचा तर केनी नीलपासून सुरुवात करा, असे आमचे स्पष्ट मत आहे. गिटार, गाणे आणि माउथ ऑर्गन या तिन्हींवर त्याची हुकमत आहे.

या ढंगाला स्वॅम्प ब्लूज म्हणतात. १९५० आणि ६० च्या दशकांत लुइझियानाची राजधानी बॅटन रूजकडचे कलाकार त्याच राज्यातल्या क्राउली गावी जे. डी. मिलर यांच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करत आणि तबकड्या नॅशव्हिलची एक्सेलो कंपनी काढत असे. लय सैल, गाणाऱ्याला कसली घाई नाही, गिटारचा आवाज थरथरता आणि ओळींमधल्या जागा भरायला माउथ ऑर्गन. यातले मोठे नाव स्लिम हार्पो. नील कुटुंबाशी त्यांचा घरोबा होता. लहानग्या केनीच्या हातात पहिला माउथ ऑर्गन त्यांनीच दिला. वडील राफुल नील हेही नावाजलेले माउथ ऑर्गनवादक.

एकच अल्बम घेणार असाल तर ‘वॉकिंग ऑन फायर’ (१९९१) घ्या. त्याच वर्षी केनीने ब्रॉडवेवर ‘म्यूल बोन’ या नाटकात भूमिका केली. लँग्स्टन ह्यूज आणि झोरा नील हर्स्टन यांनी १९३० मध्ये लिहिलेले हे नाटक रंगमंचावर यायला साठ वर्षे लागली. ह्यूज यांच्या कविता केनीने या अल्बममध्येही गायल्या आहेत. शिवाय मेसिओ पार्करचा सॅक्सोफोन आणि फ्रेड वेस्लीचा ट्रॉम्बोन आहे.

माउथ ऑर्गन शिकणाऱ्यांनी मात्र शिकागोचा माउथ ऑर्गनवादक बिली ब्रँचबरोबरचा ‘डबल टेक’ (२००४) घ्यावा. दोघेच असल्याने प्रत्येक स्वर मोकळा ऐकू येतो. क्रोमॅटिकवर, म्हणजे बटण दाबून सगळे स्वर देणाऱ्या माउथ ऑर्गनवर, हिंदी गाणी वाजवणाऱ्यांनी यासाठी एकाच पट्टीचा, दहा छिद्रांचा साधा डायटोनिक घ्यावा. गाणे ‘ई’ पट्टीत असेल तर बहुधा ‘ए’चा माउथ ऑर्गन वापरतात. मग मुख्य स्वर श्वास आत ओढून वाजतात आणि ते वाकवता, म्हणजे थोडे खाली उतरवता येतात. ब्लूजची सगळी आर्तता त्या वाकवण्यात आहे.

‘लेट लाइफ फ्लो’ (२००८) आम्हाला फार जवळचा वाटतो. २००४ मध्ये वडील गेले, पुढच्या वर्षी बहीण जॅकी गेली, स्वतः केनी हेपेटायटिस सीच्या उपचारांमुळे मंचापासून दूर होता. त्यानंतरचा हा अल्बम आहे आणि त्यात कुठेही रडगाणे नाही. ‘ब्लडलाइन’ (२०१६) ला ग्रॅमी नामांकन मिळाले होते. त्याचा आवाज जास्त घोटीव आहे. नव्या श्रोत्याला तो सोपा जाईल.

जुने अल्बम मागवताना एक लक्षात ठेवा. १९८७ चा ‘बायो ऑन द बायू’ आणि अ‍ॅलिगेटर कंपनीने पुढच्या वर्षी काढलेला ‘बिग न्यूज फ्रॉम बॅटन रूज’ हा मुळात एकच अल्बम आहे. दोन्हींचे पैसे मोजू नका. यादीतला कोणताही अल्बम घेण्याआधी दुकानात लावून मागा, आम्ही आनंदाने ऐकवू.