विस्तारित उत्पादक जबाबदारी

वस्तू विकली की विकणारा मोकळा, या समजुतीला छेद देणारे पर्यावरणविषयक धोरण. वस्तू वापरून झाल्यावर तिचे किंवा तिच्या वेष्टनाचे जे काही उरते, ते गोळा करणे, निवडणे आणि पुनर्चक्रणाला पाठवणे यांचा खर्च ती वस्तू बाजारात आणणाऱ्याने सोसावा, असे हे धोरण सांगते. भारतात सरकारी कागदांत आणि भंगाराच्या धंद्यातही ते ‘एक्स्टेंडेड प्रोड्युसर रिस्पॉन्सिबिलिटी’ या इंग्रजी नावाच्या ‘ईपीआर’ या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. तत्त्व एका वाक्यात मावते, अवघड आहे तो हिशेब. बिस्किटांचा रिकामा पुडा रस्त्यावरून कोणी उचलला आणि उचलण्याचे पैसे त्याला कोणी दिले, या प्रश्नाशी आले की देशोदेशीचे कायदे वेगवेगळ्या वाटांनी जातात.

उगम

ही संकल्पना स्वीडनचे थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये त्या देशाच्या पर्यावरण मंत्रालयासाठी केलेल्या अहवालात मांडली. कचरा उचलण्याचे बिल नगरपालिका भरते, म्हणजे करदाता भरतो. वेष्टन कशाचे असावे हे ठरवणाऱ्या कारखानदारापर्यंत ते बिल पोहोचतच नाही. त्यामुळे प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा थर चढवताना त्याचे पुढे काय होणार, याची फिकीर करण्याचे त्याला कारण नसते. बिल त्याच्या दारी गेले की वस्तू घडवतानाच तो विचार करील, अशी अपेक्षा होती. कचरा व्यवस्थेला पैसा मिळवून देणे आणि वस्तूची घडण बदलणे, असे दोन हेतू त्यात होते. पहिला बऱ्याच देशांत कमीअधिक साधला, दुसरा फार थोडा.

रिकामी बाटली परत करण्याची रीत याहून पुष्कळ जुनी आहे. मुंबईत आरेच्या दूध केंद्रावर रिकामी काचेची बाटली देऊन भरलेली घ्यायची असे, आणि शीतपेयांच्या बाटल्यांवर दुकानदार अनामत ठेवून घेई. ती बाटली पुन्हा भरता येत होती, म्हणून कंपनीला ती परत हवी असे. तिच्या जागी पिशवी आणि पाऊच आले, तेव्हा परत मागण्याजोगे काही उरले नाही.

परदेशातील पद्धती

वेष्टनांसाठी ही जबाबदारी मोठ्या प्रमाणावर प्रथम जर्मनीने १९९१ च्या वेष्टन नियमांनी लादली. उत्पादक आणि विक्रेते यांनी वेष्टने परत घ्यावीत, नाहीतर सर्वांनी मिळून घरोघर गोळा करणारी यंत्रणा उभारावी, असा पर्याय होता. उद्योगांनी दुसरा निवडला आणि ‘डुआलेस सिस्टेम डॉइचलांड’ ही कंपनी काढली. शुल्क भरलेल्या मालावर हिरवा ठिपका छापला जाई. नगरपालिकेच्या कचरागाडीला समांतर अशी दुसरी, पिवळ्या डब्यांची गाडी फिरू लागली. ‘डुआलेस’ म्हणजे ‘दुहेरी’ हे नाव त्यावरून.

दोन वर्षांतच ही यंत्रणा दिवाळखोरीच्या कडेला आली. लोकांनी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त प्लास्टिक वेगळे करून दिले, आणि अनेक कंपन्यांनी ठिपका छापला पण शुल्क कमी भरले किंवा भरलेच नाही. गोळा झालेले प्लास्टिक वापरण्याइतके कारखाने देशात नव्हते, म्हणून ते परदेशी रवाना होऊ लागले आणि त्यावरून गहजब झाला. फुकट्यांचा हा प्रश्न या धोरणाला जन्मापासून चिकटलेला आहे. जर्मनीने २००३ पासून एकदाच वापरायच्या पेयबाटल्या आणि डबे यांच्यावर सक्तीची अनामत बसवली (ती आज २५ सेंट आहे), आणि २०१९ पासून कोणत्या कंपनीने नोंदणी केली आहे हे कोणालाही पाहता येईल अशी सार्वजनिक नोंदवही सुरू केली.

स्थानिक संस्थांना पैसा कसा मिळतो, यात देशादेशांत मोठा फरक आहे. जपानच्या १९९५ च्या कायद्याने कामाची वाटणी केली. नागरिकाने वेगळे करावे, नगरपालिकेने गोळा करावे, उत्पादकाने पुनर्चक्रणाचे पैसे द्यावेत. कागदावर ही वाटणी समतोल दिसते, पण गोळा करणे आणि निवडणे हाच खर्चाचा जड भाग असतो आणि तो नगरपालिकेकडेच राहिला. फ्रान्समध्ये उत्पादकांचे शुल्क वेष्टनाच्या घडणीनुसार कमीजास्त होते. पुनर्चक्रणात अडथळा आणणाऱ्या अपारदर्शक पेट (पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांचे प्लास्टिक) बाटलीला जादा आकार पडतो. लिंडक्विस्ट यांचा दुसरा हेतू साधण्याचा हा त्यातल्या त्यात नेटका प्रयत्न म्हणावा लागेल.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने सगळा भार उत्पादकांवर टाकला. तिथे पेयबाटल्यांवरची अनामत १९७० पासून आहे. मे २०१४ मध्ये घरगुती वेष्टने आणि छापील कागद यांची संपूर्ण जबाबदारी उत्पादकांच्या संस्थेकडे गेली. ‘रिसायकल बीसी’ हे तिचे आताचे नाव. नगरपालिकांपुढे तिने तीन पर्याय ठेवले. संस्थेकडून घरटी ठरावीक मोबदला घेऊन कचरा स्वतः गोळा करावा, ते काम संस्थेवर सोपवावे, किंवा या व्यवस्थेबाहेर राहावे. व्हँकूवर शहराने ऑक्टोबर २०१६ मध्ये हे काम संस्थेवर सोपवले आणि आपल्या गाड्या त्यातून काढून घेतल्या. मोबदला खऱ्या खर्चाला पुरत नाही, ही स्वतः गोळा करणाऱ्या नगरपालिकांची तक्रार आहे. शिवाय योजना घरांपुरतीच असल्याने दुकाने आणि कचेऱ्यांच्या सुक्या कचऱ्याचा खर्च ज्याचा त्यालाच करावा लागतो.

भारतातील व्यवस्था

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन हे नगरपालिकांचे काम म्हणून नोंदले आहे. उत्पादकाचे नाव त्यात आले ते २०११ च्या प्लास्टिक आणि ई-कचरा नियमांनी, आणि २०१६ च्या नियमांनी ते अधिक ठळक झाले. त्या वर्षीच्या घनकचरा नियमांतील (एप्रिल २०२६ पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली) सतरावा नियम वाचण्यासारखा आहे. डबे, काच, प्लास्टिक वेष्टने अशा टाकाऊ वस्तू बनवणाऱ्यांनी किंवा त्या बाजारात आणणाऱ्या ब्रँडमालकांनी कचरा व्यवस्था उभारण्यासाठी स्थानिक संस्थांना ‘आवश्यक अर्थसाहाय्य’ द्यावे, असे तो म्हणत होता. किती, कोणत्या प्रमाणात आणि न दिल्यास काय, याबद्दल तो गप्प होता. अशा नियमाच्या आधारावर कोणत्याही पालिकेला अंदाजपत्रकात एक रुपयाही जमेला धरता येत नव्हता.

१६ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने प्लास्टिक वेष्टनांपुरती तरी आकड्यांची चौकट दिली. वेष्टनांचे कडक, लवचीक, बहुस्तरीय आणि कंपोस्ट होणारे असे चार वर्ग केले. कंपनीने बाजारात आणलेल्या वेष्टनांपैकी २०२१–२२ मध्ये २५ टक्के, पुढच्या वर्षी ७० टक्के आणि २०२३–२४ पासून पूर्ण १०० टक्के, अशी उद्दिष्टे ठरली. त्यातला किमान किती भाग प्रत्यक्ष पुनर्चक्रणाला जावा, हेही सांगितले. कडक प्लास्टिकसाठी २०२४–२५ मध्ये ५० टक्के, वाढत जाऊन २०२७–२८ पासून ८० टक्के. चिप्सच्या पाकिटांसारख्या बहुस्तरीय मालासाठी ३० पासून ६० टक्के. ज्याचे पुनर्चक्रण होत नाही, ते सिमेंटच्या भट्टीत, वीजनिर्मितीत किंवा रस्त्याच्या डांबरात.

हा सारा व्यवहार प्रमाणपत्रांवर चालतो. उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखाना प्रक्रिया केलेल्या मालाच्या वजनाइतकी प्रमाणपत्रे देतो, ती विकत घेऊन कंपनी आपले उद्दिष्ट पुरे करते. एका वर्गाचे प्रमाणपत्र दुसऱ्या वर्गात चालत नाही. उद्दिष्ट चुकले तर पर्यावरण भरपाई भरावी लागते. मात्र तूट वर्षभरात भरून काढली तर भरपाईचे ७५ टक्के परत मिळतात, दुसऱ्या वर्षी ६० आणि तिसऱ्या वर्षी ४०. उशिरा का होईना काम व्हावे, म्हणून ही सवलत.

मेख या साखळीच्या रचनेत आहे. प्रमाणपत्र कारखान्याच्या दारात जन्मते, पुडा उचलला त्या गल्लीत नाही. गोळा करणारी पालिका, निवडणारी कचरावेचक बाई, गठ्ठे बांधणारा भंगारवाला यांना प्रमाणपत्र देता येत नाही. त्यांचा वाटा कारखाना मालाला जो भाव देईल त्यावर अवलंबून. उत्पादकाने पालिकेशी करार करावा, पण तो उभयपक्षी ठरेल त्या अटींवर. रिकामी पेट बाटली तर या कायद्याआधीही भंगारात विकली जातच होती. तिच्यावर मिळणारे प्रमाणपत्र कारखान्याला चालू धंद्यावरचा बोनस ठरते. चिप्सचे पाकीट मात्र कोणी विकत घेत नाही. उचलायला खर्च येतो तो त्या पाकिटालाच, आणि ईपीआरचा पैसा नेमका तिथे पोहोचायला हवा.

वजनावर पैसे मिळतात म्हटल्यावर वजन कागदावर वाढणे ओघाने आले. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत चार कारखान्यांनी सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे काढल्याचे आढळले. ई-कचऱ्याच्या बाबतीत वेगळीच भीती होती. कंपन्या सर्वांत स्वस्त प्रमाणपत्र शोधणार आणि स्वस्त ते निकृष्ट असणार. म्हणून सरकारने ग्राहकोपयोगी विद्युत उपकरणांसाठी किलोला २२ रुपये असा किमान दर ठरवला. काही मोठ्या कंपन्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले.

महाराष्ट्र, गोवा आणि निलगिरी

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिक व थर्माकोल बंदीच्या अधिसूचनेत केंद्राच्या आधी एक वेगळी वाट धरून पाहिली. पेट बाटल्यांवर एक-दोन रुपये आणि दुधाच्या पिशवीवर ५० पैसे पुनर्खरेदी किंमत छापायची, आणि रिकामी वस्तू परत घ्यायची. बंदी गाजली, परतीची ही तरतूद मात्र रुळली नाही. कारण उघड आहे: पन्नास पैशांसाठी पिशवी धुऊन, वाळवून, साठवून दुकानात नेण्याइतका वेळ शहरातल्या गिऱ्हाइकाकडे नाही, आणि शेजारच्या दुकानदाराला ती ठेवायला जागा नाही.

अनामत जड असली की चित्र पालटते, हे तामिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यात दिसले. जंगलात फुटलेल्या दारूच्या बाटल्यांनी प्राणी जखमी होतात, हा मुद्दा मद्रास उच्च न्यायालयापुढे आल्यावर २०२२ पासून तिथल्या सरकारी मद्य दुकानांत बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन रिकामी बाटली आणल्यावर परत देण्याची पद्धत सुरू झाली. बहुतेक बाटल्या परत आल्या, आणि पुढे ती पद्धत इतर जिल्ह्यांतही नेण्यात आली. गोव्याने २०२४ मध्ये बाटल्या, डबे, पाऊच अशा निरनिराळ्या अविघटनशील वेष्टनांसाठी राज्यभराची अनामत परतावा योजना अधिसूचित केली. पर्यटकांच्या राज्यात तिला खास अर्थ आहे. बाटली फेकणारा माणूस तिथे घरपट्टी भरत नाही, म्हणून त्याने केलेल्या कचऱ्याचा खर्च अनामतीवाटेच त्याच्याकडून निघू शकतो.

पुण्याची गोष्ट कायद्यापेक्षा जुनी आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली, आणि तिच्यातून २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. पालिकेशी झालेल्या करारानुसार तिचे सभासद दारोदार कचरा घेतात, त्यासाठी घरटी मासिक शुल्क घेतात आणि निवडलेले भंगार विकतात. म्हणजे गोळा करण्याचा खर्च उत्पादक देत नाही, तो घरातले माणूस आणि भंगाराचा बाजार देतात. ज्याला बाजार नाही ते कचरावेचकाने फुकट वाहायचे. सॅनिटरी पॅड त्यातलेच. कागदात किंवा पिशवीत न गुंडाळता टाकलेले पॅड बायका हातांनी वेगळे करत होत्या. २०११ च्या नियमांत उत्पादकाची जबाबदारी लिहिलेली असूनही काही हलत नाही म्हटल्यावर ‘स्वच्छ’ने २०१३ मध्ये वापरलेले पॅड पाकिटांत भरून ती बनवणाऱ्या बड्या कंपन्यांना परत पाठवले. उत्पादकाकडे माल परत नेण्याचे तत्त्व इतक्या शब्दशः भारतात क्वचितच कोणी अमलात आणले असेल. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांपुढे पर्याय ठेवला: पुनर्चक्रण होईल असा माल वापरता येतो का ते शोधावे, किंवा पाकिटासोबत प्रत्येक नगामागे टाकण्यासाठी एक पिशवी द्यावी. ती पिशवी दारातून उचलण्याचे पैसे कोणी द्यायचे, याचा उल्लेख त्या कलमात नव्हता.